साडूची वेबसाइट

सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं त्याच आठवड्यात मास्तरांच्या पोटात दुखायला लागलं. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध नव्हता असं ते आजही म्हणतात.

मास्तर गाडी चालवायला शिकवत. गाडी एकच, पांढरी, छपरावर पिवळी पाटी असलेली. शेजारच्या सीटपुढे त्यांच्यासाठी जादा ब्रेक आणि क्लच बसवलेला होता आणि त्या ब्रेकवरचं रबर इतकं झिजलं होतं की त्यावर मास्तरांच्या बुटाचा आकार उमटला होता. घराखालची छोटी खोली हे ऑफिस. तिथे एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर रस्त्याच्या खुणांचा तक्ता. सकाळी सहाला पहिला शिकाऊ, मग ऑफिसला जाणारे, मग दुपारी मुलं शाळेतून यायच्या आत शिकू पाहणाऱ्या आया. आयुष्य बसून गेल्यामुळे मास्तरांचं पोट सुटलेलं आणि खिडकीकडचा हात दुसऱ्या हातापेक्षा दोन छटा काळा. पण गावात कुणी विचारलं की गाडी कुठे शिकलात, तर दहातले चारजण त्यांचं नाव सांगत. त्यांचा संसार त्या चार जणांवर बरा चालला होता.

त्यांचा साडू, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, आधी टायरच्या कंपनीत नोकरीला होता. त्याला गाडी शिकवली ती मास्तरांनीच. पुढे त्याने नोकरी सोडली आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला स्वतःचं ड्रायव्हिंग स्कूल काढलं. आता त्याच्याकडे एकाच निळ्या रंगाच्या पाच गाड्या होत्या आणि निळे शर्ट घातलेले पाच शिकवणारे होते. मास्तरांनी हे सगळं पचवलं होतं. पाच गाड्या म्हणजे पाच विमे आणि पाच गाड्यांची पंक्चरं, असं ते स्वतःला समजावत. साडू स्वतः आता शिकवत नाही, नुसता हिंडतो, हेही एक समाधान होतं.

तर त्या आठवड्यात सगळे सासूबाईंकडे जमले होते. सासूबाई डोळ्याला पट्टी लावून सोफ्यावर बसल्या होत्या. साडूने खिशातून फोन काढला आणि म्हणाला, "आई, आपली वेबसाइट झाली. बघता का?"

फोनच्या पडद्यावर एक निळी गाडी डावीकडून आली, वळली, आणि दोन रेघांच्या मध्ये अलगद उभी राहिली. मग आठवड्याचे दिवस उघडले. कुठल्या दिवशी, कुठल्या वेळी, कुठल्या भागातून, कोण शिकवणार, सगळं बोटाने निवडता येत होतं.

"अगोबाई," सासूबाई म्हणाल्या. "एका डोळ्याने एवढी छान दिसते, तर दोन डोळ्यांनी कशी दिसेल."

"खास आपल्यासाठी बनवून घेतलीय," साडू म्हणाला. "बाजारात तयार मिळते ती नाही. सहा महिने लागले. त्या डिझायनर बाई आमच्या ऑफिसात येऊन बसायच्या."

मग त्याने फोन मास्तरांपुढे धरला. "साडूभाऊ, तुमची कुठली आहे?"

"माझी नाहीये," मास्तर म्हणाले. "माझ्याकडे माणसं तशीच येतात."

"येतात ना," साडू म्हणाला. त्यात टोचण्यासारखं काही नव्हतं. पण मास्तरांना ते दोन शब्द घरी येईपर्यंत पुरले. वाटेत ते बायकोला म्हणाले, "येतात ना म्हणजे काय?"

"म्हणजे येतात," मास्तरीणबाई म्हणाल्या. शेजारीपाजारी त्यांना याच नावाने हाक मारत, जरी त्यांनी आयुष्यात कुणाला काही शिकवलं नव्हतं.

त्या दिवसापासून मास्तरांना एक वाईट खोड लागली. दोन शिकाऊंच्या मधल्या वेळेत ते गाडी झाडाखाली उभी करत आणि फोनवर साडूची वेबसाइट उघडत. निळी गाडी यायची, वळायची, उभी राहायची. ते पुन्हा उघडत. एकदा तरी ती रेघेला घासेल असं त्यांना वाटत असावं. मग ते वेळा उघडून बघत. बुधवार भरलेला. गुरुवार भरलेला. शनिवारी एक जागा रिकामी दिसली की त्यांना जेवण गोड लागे.

असं महिनाभर चाललं. मग एका रविवारी दुपारी ते बायकोला म्हणाले, "आपणही वेबसाइट करू."

मास्तरीणबाईंना या कामाची थोडी जाण होती, कारण त्या एका दवाखान्यात स्वागतकक्षात बसत आणि तिथली वेबसाइट त्याच सांभाळत. त्यांनी लॅपटॉप उघडला. तयार वेबसाइटचे साचे ओळीने समोर आले. शाळांसाठी, दवाखान्यांसाठी, वकिलांसाठी, फोटोग्राफरसाठी. नाव बदला, फोटो बदला, मजकूर भरा, की झाली तुमची.

"ही बघा, साधी आहे," त्या म्हणाल्या. "ड्रायव्हिंग स्कूलसाठीच आहे."

"तीन रंगाचे ठोकळे नुसते. त्याच्यासमोर ही भिकारी दिसेल."

"कुणासमोर?"

मास्तर यादीत खाली खाली सरकत गेले आणि एका ठिकाणी थांबले. काळीभोर पार्श्वभूमी, त्यावर सोनेरी अक्षरं, मागे मंद दिवे हलतायत. "ही," ते म्हणाले.

"अहो, ही हॉटेलसाठी आहे."

"असू दे. आपण बदलू. दिसते कशी बघ ना. साडूची निळी गाडी हिच्यापुढे खेळण्यातली वाटेल."

मास्तरीणबाईंनी दोन वेळा सांगून पाहिलं. तिसऱ्यांदा सांगायची त्यांची पद्धत नव्हती. मग मास्तर शेजारी बसून हुकूम सोडत गेले आणि त्या भरत गेल्या. जेवणाच्या फोटोंच्या जागी गाडीचे फोटो आले. पांढरी गाडी काळ्या पडद्यावर, सोनेरी चौकटीत, अशी काही दिसत होती की जणू तिचा लिलाव आहे. मास्तर खूश झाले. संध्याकाळी त्यांनी सगळ्या नातेवाइकांना पत्ता पाठवला, साडूला सगळ्यात आधी.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक फोन आला. चौघांसाठी खिडकीजवळची जागा मिळेल का, असं कुणीतरी विचारत होतं. मास्तर म्हणाले, "चौघं एकदम शिकणार? एका गाडीत?" पलीकडच्या माणसाने फोन ठेवला.

उलगडा व्हायला रविवार उजाडला. सासूबाईंकडे सगळे होते. साडूने फोन काढला आणि गंभीर चेहऱ्याने वाचायला सुरुवात केली, "आमच्याविषयी. गाडी शिका आत्मविश्वासाने. छान. वेळा. छान. आणि खाली हे बटण आहे, टेबल राखून ठेवा." तो थांबला. "आणि साडूभाऊ, हे मुख्य आचारी कोण? फोटो तुमचा नाहीये."

सगळे हसले. सासूबाई पोट धरून हसल्या आणि डॉक्टरांनी हसू नका सांगितलंय म्हणत पुन्हा हसल्या. मास्तरीणबाईंनीही ओठ दाबले. फक्त धाकटी, साडूची बायको, हसली नाही. ती कप गोळा करून आत निघून गेली. मास्तरही हसले, कारण न हसणं जास्त वाईट दिसलं असतं. पण कान तापले होते आणि आतून नुसता तिळपापड.

घरी आल्यावर त्यांनी ती वेबसाइट स्वतः बंद केली. तिसऱ्या दिवशी त्यांनी साडूच्या वेबसाइटच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरांत लिहिलेला डिझायनर बाईंचा नंबर शोधला.

बाईंचं काम एका ड्रायक्लीनरच्या दुकानावरच्या खोलीत चाले. खोलीत गरम इस्त्रीचा वास येत होता. दोन मोठे पडदे, एक मरायला टेकलेलं झाड, आणि खुर्चीच्या पाठीला अडकवलेला स्वेटर. बाई चाळिशीच्या असतील. त्यांनी मास्तरांना बसवलं आणि विचारलं, "काय करून हवंय?"

"तुम्ही निळ्या गाडीवाल्यांची केलीत ना, तशी. पण वरचढ."

"वरचढ म्हणजे कशी?"

"त्यांची गाडी एक वळण घेते, माझी दोन घेऊ दे."

बाईंनी कागदावर काही लिहिलं नाही. "तुमच्याकडे कोण शिकायला येतं?"

"त्यांच्याकडे कॉलेजची मुलं जास्त जातात. माझ्याकडे तशी कमी."

"मी तुमच्याकडे कोण येतं ते विचारलं."

"आता त्यांच्या पाच गाड्या असल्यामुळे त्यांना वेळ सांभाळता येते, माझी एकच..."

"तुम्ही काय वेगळं करता?"

"ते शिकवत नाहीत हो स्वतः. नुसते फिरतात."

बाईंनी पेन टेबलावर ठेवलं. "तुमच्या साडूंची माहिती माझ्याकडे भरपूर आहे," त्या म्हणाल्या. "सहा महिने तिथे बसले होते. तुमची एकही ओळ अजून मिळाली नाही."

मास्तरांना राग आला. हे नातं तिला कुणी सांगितलं, हा त्यांचा पहिला विचार. दुसरा, साडू आपल्याविषयी हिच्याशी काय बोलला असेल. त्यांनी ते विचारलंही. बाई म्हणाल्या, "ते तुमच्याविषयी काय बोलले हे तुम्हाला सांगणं माझ्या कामात बसत नाही. तुमचं त्यांना सांगणंही बसणार नाही." मग जरा मवाळ होऊन म्हणाल्या, "हे बघा, त्यांना बनवून घेण्याची गरज होती. पाच गाड्या, पाच माणसं, सुट्ट्या, वेगवेगळे भाग. हा गुंता कुठल्याच तयार साच्यात बसत नव्हता. तुमची गाडी एक, माणूस एक. तुम्हाला तयार साचा पुरेल. तुमची ती काळी-सोनेरी मीही बघितली होती. साचा चुकला नाही, साच्यात तुम्ही कुठेच नव्हता, एवढंच."

"मला तयार नकोय," मास्तर म्हणाले. "त्याला बनवून, आणि मला तयार?"

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. अशी माणसं त्यांनी पाहिली असावीत. "ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पण त्यांच्याकडे मी बसले तशी तुमच्याकडेही बसेन. गाडीत. मला गाडी येत नाही. शिकवा."

पहिल्याच दिवशी कळलं की बाईंना गाडी येत नाही एवढंच नव्हतं. लहान वयात त्यांनी वडिलांची गाडी फाटकावर घातली होती आणि वडील शेजारी बसून जे ओरडले होते ते त्यांच्या कानांतून गेलं नव्हतं. त्यांचे हात स्टिअरिंगवर पांढरे पडत. मास्तर त्यांना बंद गोदामामागच्या रिकाम्या आवारात घेऊन गेले. तिथे काही धडकायला नव्हतं. "इंजिन चालू करू नका," ते म्हणाले. "आधी नुसतं बसा. काच खाली घ्या. काल काय जेवलात?"

बाई गोंधळल्या, पण सांगायला लागल्या. सांगता सांगता त्यांचे खांदे खाली आले. मग मास्तर म्हणाले, "आता करा चालू."

असे काही आठवडे गेले. बाई आवारातून गल्लीत आल्या, गल्लीतून रस्त्यावर. एकदा भर चौकात, दिवा हिरवा होताना, त्यांचा क्लच सुटला आणि गाडी बंद पडली. मागून हॉर्न सुरू झाले. एक, दोन, मग सगळेच. बाईंनी किल्ली फिरवली, गाडी आचका देऊन पुन्हा बंद. त्यांचे डोळे भरले.

मास्तरांनी दार उघडलं, खाली उतरले आणि गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले. पोट पुढे, एक हात वर, दुसऱ्या हाताने मागच्या गाड्यांना बाजूने जायची खूण करत. कुणी शिवी दिली तर मान लववून "हो हो, माझंच चुकलं" म्हणत. चौक मोकळा झाला. मग ते परत येऊन बसले, पट्टा लावला आणि बाहेर बघत म्हणाले, "घाई नाही. जमेल तेव्हा निघू."

बाईंनी गाडी काढली आणि पुढे सरळ नेली. कोपऱ्यावर बाजूला थांबवायला सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "हे तुम्ही सगळ्यांसाठी करता?"

"काय?"

"मागे जाऊन उभं राहणं."

"मग आत बसून काय करू? हॉर्न मागून येतात."

बाईंना परवाना मिळाला त्याच आठवड्यात त्यांनी मास्तरांना वेबसाइट दाखवायला बोलावलं. मास्तर नवीन शर्ट घालून गेले. पडद्यावर पांढरं पान होतं. फोटो एकच: भर रस्त्यात पांढऱ्या गाडीमागे हात वर करून उभा असलेला जाडसर माणूस, पाठमोरा. बाईंनी तो एका दुपारी फुटपाथवरून काढला होता, दुसऱ्या शिकाऊच्या वेळी. खाली मोठ्या अक्षरांत एक ओळ: इथे कोणी ओरडत नाही. त्याखाली फोन नंबर, शिकवायच्या वेळा, आणि नाव-नंबर लिहून पाठवायची जागा.

मास्तर वाट बघत राहिले. काहीच हललं नाही.

"एवढंच?"

"एवढंच. साचा तयारच आहे. अगदी सुरुवातीला तुमच्या मिसेसनी दाखवला होता म्हणे, तोच. ठोकळे काढून टाकले."

मास्तरांना फसवल्यासारखं वाटलं. साडूच्या पडद्यावर गाडी धावते, आणि आपल्या पडद्यावर आपली पाठ. पोटात जुनं दुखणं परत उठलं. घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. मास्तरीणबाईंनी पान उघडलं, फोटोकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "हे राहू द्या. याला हात लावाल तर बघा." मास्तरांनी हात लावला नाही.

त्यानंतर फोन यायला लागले, पण ते कॉलेजच्या मुलांचे नव्हते. अपघातानंतर स्टिअरिंगला हात न लावलेला एक वकील आला. नवरा गेल्यावर दारात उभी असलेली गाडी विकायची की शिकायची हे न ठरलेली एक बाई आली. सगळे सुरुवातीला एकच विचारत, "खरंच ओरडत नाही?" मास्तरांना या प्रश्नाची गंमत वाटे. बाकी लोक ओरडतात, हेच त्यांना नवीन होतं.

आणि मग एक दिवस वेबसाइटवरून एक निरोप आला. नावाच्या जागी नुसतं 'गृहिणी' लिहिलेलं. वाचनालयाच्या मागच्या दाराशी उभी असेन, सकाळी.

मास्तर गाडी घेऊन गेले. मागच्या दाराशी डोक्यावरून ओढणी घेतलेली एक बाई उभी होती. ती पटकन मागच्या सीटवर शिरली आणि म्हणाली, "भाऊजी, आधी गाडी पुढे घ्या. कुणी बघेल."

ती धाकटी होती. पाच गाड्यांच्या मालकाची बायको.

मास्तरांनी नदीकाठच्या रस्त्याला गाडी घेतली आणि थांबवली. "अगं, तुझ्या घरी पाच गाड्या, पाच शिकवणारे," ते म्हणाले.

"त्यांच्या माणसांकडे शिकले तर संध्याकाळी त्यांना कळणार, किती वेळा बंद पडली ते. आणि खुद्द त्यांच्याकडेही शिकून बघितलं. पहिल्याच दिवशी असे ओरडले की क्लच कुठला आणि ब्रेक कुठला तेच मी विसरले. त्याला आता वर्षं झाली." तिने ओढणी खाली घेतली. "तुमचं ते वाक्य वाचलं. मग वाटलं, विचारावं. ताईला सांगितलं तरी चालेल, पण आईला नको. आईच्या तोंडात तीळ भिजत नाही."

त्या क्षणी मास्तरांच्या मनात काय आलं, ते त्यांनी नंतर बायकोकडे कबूल केलं. मेहुणीची दया वगैरे नंतर. आधी आनंद झाला. दुधाला उकळी यावी तसा आनंद. सहा महिने बनवून घेतलेली वेबसाइट, आणि त्याच माणसाची बायको माझ्या तयार साच्यातून माझ्या गाडीत. देव आहे, असं त्यांना वाटलं.

त्यांनी तिला शिकवलं. तेही मन लावून, कारण ती पास झाली तर साडूची मान आणखी खाली जाणार होती. पण रोज शेजारी बसून एकाच माणसाची हार मोजत राहणं जमत नाही. धाकटी आरशात न बघता वळे, तिला आरशाची आठवण द्यावी लागे. चढावर तिची गाडी मागे घसरे. एकदा ती चढ चढून गेली आणि स्वतःशीच हसली, तेव्हा मास्तर साडूला विसरून गेले होते. ते घरी आल्यावर त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांना थोडं चुकल्यासारखं वाटलं.

मधल्या काळात सासूबाईंच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पुन्हा सगळे जमले. साडू रंगात होता. "साडूभाऊ, तुमचं ते वाक्य बघितलं," तो म्हणाला. "इथे कोणी ओरडत नाही. मग माणसं शिकतात कशी? थोडा आवाज चढवल्याशिवाय हातात शिस्त येत नाही. मी तर म्हणतो, ज्याला ओरडणं सोसत नाही त्याने गाडीला हात लावू नये."

सासूबाईंनी मान डोलावली. मास्तरांच्या जिभेवर वाक्य तयार होतं. अगदी रांगेत उभं. आयुष्यात असा हातात आलेला डाव पुन्हा येणार नव्हता. त्यांनी तोंड उघडलं, आणि त्यांना चहाचा ट्रे धरलेली धाकटी दिसली. ती नुसती थांबली होती, एक पाय पुढे टाकायच्या बेतात, जशी शिकताना क्लच सोडायच्या आधी थांबायची.

"असतं ज्याचं त्याचं," मास्तर म्हणाले आणि चहा घेतला. तो त्यांना औषधासारखा गिळावा लागला. परतताना बायकोने त्यांच्या हातावर हात ठेवला.

परवाना मिळाल्यावरही धाकटी गप्पच होती. बिंग फुटलं ते सासूबाईंमुळेच. त्यांना डोळे तपासायला न्यायचं होतं, साडू कुठल्याशा कामात अडकला होता आणि त्याचा फोन लागत नव्हता. धाकटीने अंगणातली निळी गाडी काढली, आईला दवाखान्यात नेलं आणि परत आणलं. संध्याकाळपर्यंत सासूबाईंनी अख्ख्या नात्यागोत्याला फोन करून सांगितलं होतं. जावयालाही, अभिनंदन म्हणून.

दुसऱ्या दिवशी साडू गोदामामागच्या आवारात आला. मास्तर एकटेच होते, शिकाऊंना गाडी वळवायच्या सरावासाठी रिकामे ड्रम उचलून ठेवत होते. साडूने गाडी उभी केली, उतरला.

"तुम्ही शिकवलंत?"

"हो."

"मला सांगावंसं वाटलं नाही?"

"वाटलं," मास्तर म्हणाले. "रोज वाटलं. सासूबाईंकडे तर अगदी ओठावर आलं होतं."

साडू तिथे पडलेल्या जुन्या टायरवर बसला. त्याची पँट फिकट रंगाची होती, ती काळी होणार हे त्याला दिसत असूनही. "ती मला म्हणाली, तुम्ही मागे उतरून उभे राहता," तो म्हणाला. "कितीतरी दिवस बघतोय मी तुमचा तो फोटो. लोक तुमच्याकडे तुमच्यासाठी येतात. माझ्याकडे मोकळी वेळ बघून येतात. कोण शिकवणार तेसुद्धा विचारत नाहीत, बोट ठेवतात आणि येतात. एवढी मोठी वेबसाइट केली, त्यात मी कुठे आहे विचाराल तर मलाच दाखवता येणार नाही."

याच वाक्यासाठी मास्तर इतके महिने झुरले होते. ते ऐकून त्यांना चांगलं वाटलं, खोटं कशाला बोला. पण ते चांगलं वाटणं फार टिकलं नाही. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा त्यांच्या ओळखीचा होता. झाडाखाली गाडी उभी करून फोनच्या काळ्या पडद्यात त्यांनी तो कितीदा पाहिला होता.

"उठा," ते म्हणाले. "पँट खराब होतेय. हा ड्रम त्या टोकाला धरा जरा."

साडूने ड्रम धरला. दोघांनी मिळून सगळे ड्रम रांगेत लावले. मग साडू हात झटकून निघून गेला. यानंतर दोघांत गळाभेट झाली, मनं जुळली, असं काही झालं नाही. उलट पुढच्याच महिन्यात साडूच्या वेबसाइटवर निळी गाडी दोन रेघांत उभी राहिल्यावर वर अक्षरं उमटायला लागली: आमच्याकडे कोणीही ओरडत नाही. एकेक अक्षर, चमकत.

मास्तर इतके संतापले की त्यांनी डिझायनर बाईंना फोन केला. "माझं वाक्य आहे ते."

"त्यांनी मला सांगितलं होतं, मी नाही म्हटलं," बाई म्हणाल्या. "मग दुसऱ्याकडून करून घेतलं असेल. मी काय सांगू? वाक्याला कुलूप लावता येत नाही." मग विचारलं, "पण आता त्यांच्याकडे खरंच ओरडत नाहीत का?"

मास्तरांना ते माहीत नव्हतं. त्यांनी धाकटीला विचारलं. ती म्हणाली, "आरशावर त्याच वाक्याची पाटी लावलीय त्यांनी प्रत्येक गाडीत. शिकवणाऱ्यांना समज दिलीय. स्वतः घरी अजून ओरडतात, पण ओरडून झाल्यावर थांबतात. हे नवीन आहे."

वर्ष उलटलं. त्या वर्षात धाकटीने शिकवण्याचा परवाना काढला आणि साडूच्या स्कूलमध्ये बायकांसाठी वेगळी वेळ सुरू केली. पाचातली एक गाडी आता तिची. ती बंद पडलेल्या गाडीमागे हात वर करून उभी राहते, अगदी तशीच, फक्त तिचं पोट सुटलेलं नाही. मास्तरांना हे कळलं ते तिच्याकडे शिकलेल्या एका बाईकडून. ती बाई मास्तरांना म्हणाली, अशी शिकवणारी या गावात दुसरी नाही.

"नाही ना," मास्तर म्हणाले.

त्या रात्री जेवताना त्यांनी आवडीची भाजीसुद्धा दुसऱ्यांदा घेतली नाही. मास्तरीणबाईंनी पाण्याचा पेला त्यांच्याकडे सरकवला. "आता धाकटीवरही जळायला लागलात का?"

"थोडा," मास्तर म्हणाले. "सकाळच्या तिच्या सगळ्या वेळा भरल्यात. बघितलं मी."